शाळेत माध्यमनिर्मिती शिकताना: आधी कान, मग कॅमेरा

संज्ञापन तंत्रज्ञान आणि माध्यमनिर्मिती हा विषय शाळेच्या वरच्या वर्गात निवडणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "कोणता कॅमेरा घेऊ?" असाच असतो. या प्रश्नाचे उत्तर मी पहिले काही महिने देत नाही. हाताशी असलेला कोणताही बरा फोन १९२० गुणिले १०८० पिक्सेलचे चित्र सहज टिपतो आणि शालेय कामाला तेवढे पुरते. मात्र त्याच फोनने दहा-पंधरा फुटांवरून टिपलेले बोलणे पुढे कितीही खटपट केली तरी पूर्णपणे सुधारत नाही. अंधूक चित्र प्रेक्षक थोडा वेळ सहन करतात, पण न कळणारा आवाज ते दहा सेकंदही सहन करत नाहीत. त्यामुळे हा विषय शिकण्याचा क्रम ध्वनी, मग चित्र, मग संकलन असा असावा, असे माझे ठाम मत आहे.

विषय निवडण्यापूर्वी शाळेत दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. गुण केवळ अंतिम चित्रफितीला आहेत की आराखडा, संहिता आणि नोंदवही यांनाही आहेत, उपकरणे घरी नेता येतात का, आणि संकलनाचे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावरही चालवता येईल का, एवढे कळले तरी वर्षाचे नियोजन करता येते. विषयाची व्याप्ती शाळेगणिक बदलते: कुठे दृक्‌श्राव्य निर्मितीवर भर असतो, कुठे ग्राफिक्स आणि अ‍ॅनिमेशनवर, तर कुठे थेट प्रक्षेपणावर.

सिद्धांताचा भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण त्यातली एक गोष्ट थेट कामाची आहे. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. त्यात स्रोत, प्रेषक, वाहिनी, ग्राहक यंत्रणा आणि संदेश ज्याच्यासाठी आहे तो, अशी साखळी असून वाटेत मिसळणाऱ्या गोंगाटाला स्वतंत्र जागा दिलेली आहे. विद्यार्थी ही आकृती परीक्षेपुरती पाठ करतात आणि दुसऱ्याच दिवशी पंखा चालू ठेवून मुलाखत टिपतात. गोंगाट एकदा बोलण्यात मिसळला की दोन्ही वेगळे करताना बोलण्याचाही काही अंश जातोच, म्हणून तो मुळाशीच कमी करावा लागतो, हे त्या आकृतीचे व्यवहारातले रूप आहे.

गोंगाट कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे माइक जवळ नेणे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, आणि अंतर निम्मे केले की तेवढीच चढते. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हे गणित थोडे ढिले पडते, पण दिशा तीच राहते. दूरवरच्या पंख्याचा आवाज मात्र माइक एक-दोन फूट सरकवल्याने फारसा बदलत नाही. म्हणजे माइक जवळ नेताना आपण बोलणे मोठे करतो आणि गोंगाट जागच्या जागी ठेवतो. कॉलर माइक असेल तर तो हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, कपड्याला घासणार नाही असा लावावा. माइक नसेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याजवळ, चौकटीच्या बाहेर ठेवून त्यावर ध्वनिमुद्रण करावे आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी. त्या टाळीच्या टोकावरून दोन्ही फाइली संकलनात नेमक्या जुळवता येतात.

याची खात्री पटवण्यासाठी एक सराव पुरेसा आहे. एकच वाक्य एक हात, दोन हात आणि चार हात अंतरावरून टिपावे, मग तिन्ही फाइलींची पातळी सारखी करून हेडफोनवर ऐकावे. बोलणे तिन्हींत सारखेच मोठे असते. वाढत जातो तो मागचा, खोलीतला आवाज.

मुद्रणाची पातळी ठरवताना बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असे पाहावे. डिजिटल ध्वनीत शून्य डेसिबल हे छत आहे. त्यावर गेलेली लहर सपाट कापली जाते आणि तो कापलेला भाग जसा होता तसा परत मिळत नाही. दृक्‌श्राव्य कामासाठी नमुनादर, म्हणजे ध्वनीचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवावा, कारण ४४.१ हा दर संगीताच्या सीडीकडून आलेला आहे. शूटिंग संपले की सर्वांना गप्प उभे करून त्या खोलीची शांतता तीस सेकंद टिपून घ्यावी. ही निरर्थक वाटणारी फाइल संकलनात सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण दोन वाक्यांमध्ये कापलेल्या जागी पूर्ण निःशब्दता ठेवली तर ती कानाला खड्ड्यासारखी लागते. त्याच खोलीची शांतता भरली की सांधा कळत नाही.

हेडफोन कानाला न लावता कधीही मुद्रण करू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. एका वृद्ध कारागिराची चाळीस मिनिटांची मुलाखत मी पातळीच्या हलत्या काट्याकडे पाहून समाधानाने टिपली आणि घरी आल्यावर कळले की माइकची पिन सैल असल्याने दर काही सेकंदांनी करकर मिसळली होती. काटा आवाज येतो आहे एवढेच सांगतो; कोणता आवाज येतो आहे, ते कानालाच कळते.

चित्राकडे वळताना फोनची स्वयंचलित व्यवस्था शक्य तेथे बंद करावी, म्हणजे फोकस (चित्राची स्पष्टता), एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांचा समतोल) तिन्ही स्थिर करावेत. अन्यथा बोलणाऱ्याने हात हलवला तरी चेहऱ्याचा उजेड आणि रंग बदलत राहतो. उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात; टंगस्टन, म्हणजे तारेच्या पिवळ्या दिव्याचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा आणि दिवसाचा सुमारे ५६०० केल्विनचा मानला जातो. दोन्ही एकाच चौकटीत आले की अर्धा चेहरा पिवळट आणि अर्धा निळसर दिसतो. अशा वेळी खिडकी किंवा दिवा यांपैकी एकच निवडावा. प्रति सेकंद २४ चौकटींचा दर बोलपटांच्या आगमनाबरोबर रूढ झाला, तर दूरचित्रवाणीचे २५ आणि ३० हे दर अनुक्रमे ५० आणि ६० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याशी जोडून आले. हा संबंध केवळ इतिहासापुरता नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तेथे २५ चौकटींच्या दराला शटर स्पीड, म्हणजे प्रत्येक चौकट उजेड टिपते तो वेळ, १/५० सेकंद ठेवला तर चित्रात सरकणारे पट्टे येत नाहीत.

आता साठ सेकंदांच्या एका चित्रफितीचा सराव जरा सविस्तर पाहू. विषय अगदी साधा घ्यावा: एक जण सायकलची उतरलेली साखळी पुन्हा बसवतो. पाच शॉट घ्यावेत. पहिला हातांचा क्लोज-अप, दुसरा चेहऱ्याचा, तिसरा माणूस आणि सायकल दोन्ही दिसतील असा लाँग शॉट, चौथा त्याच्या खांद्यावरून, आणि पाचवा कुणाला सुचणार नाही अशा कोनातून, उदाहरणार्थ जमिनीवर ठेवलेल्या फोनने फिरत्या पॅडलमधून. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद हात न हलवता धरावा. नवशिक्यांचे शॉट तीन सेकंदांत संपतात आणि कापायला जागाच उरत नाही. साखळी बसवण्याची क्रिया प्रत्येक कोनातून पूर्ण करून घ्यावी, म्हणजे संकलनात हालचालीच्या ऐन मध्यावर कट करता येतो: हातांच्या क्लोज-अपमध्ये साखळीची कडी दात्यावर चढू लागते आणि लाँग शॉटमध्ये ती बसते. प्रेक्षकाची नजर हालचालीमागे धावत असल्याने कट त्याच्या लक्षात येत नाही. यात एक पथ्य पाळावे लागते. सायकल आणि माणूस यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा; रेषा ओलांडली की मघाशी उजवीकडे पाहणारा माणूस अचानक डावीकडे पाहू लागतो.

मग ध्वनी. पॅडल फिरताना होणारी खरखर चेहऱ्याच्या शॉटखाली एक सेकंद आधीच सुरू करावी आणि चित्र नंतर आणावे. ही एक क्लृप्ती हाती आली की चित्रफीत स्लाइड-शोसारखी वाटणे थांबते, आणि सॉफ्टवेअरमधली झगमगीत ट्रान्झिशन, म्हणजे दोन शॉटमधले तयार जोड-परिणाम, वापरण्याचा मोहही आपोआप ओसरतो. त्या ट्रान्झिशनांबद्दल मला काहीच चांगले म्हणता येत नाही.

सॉफ्टवेअर कोणते, यावर फार वेळ घालवू नये. डाव्हिन्ची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती आहे, जुन्या संगणकासाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह आहे, आणि ध्वनीसाठी ऑडॅसिटी आहे. एक निवडून वर्षभर तेच वापरावे. मात्र संकलनाची प्रोजेक्ट फाइल कशी असते, हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. त्या फाइलमध्ये फुटेज, म्हणजे टिपलेले मूळ चित्रण, नसते. कुठल्या फोल्डरमधला कोणता तुकडा कुठे कापला, एवढ्याच नोंदी असतात. घरी काम करून केवळ तीच फाइल पेन ड्राइव्हवर शाळेत आणणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो आणि पडद्यावर सगळीकडे लाल चौकटी पाहून हताश होतो. उपाय सोपा आहे: प्रकल्पाचे एकच फोल्डर करून चित्र, ध्वनी, संगीत आणि प्रोजेक्ट फाइल पहिल्यापासून त्यातच ठेवावे आणि पूर्ण फोल्डरच इकडून तिकडे न्यावे.

जागेचा हिशेबही आधीच करावा. कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट लिहीत असेल तर आठाने भागून ६.२५ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला ३७५ मेगाबाइट होतात. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीला १५ गिगाबाइट लागतात. बॅकअपचा रूढ नियम तीन प्रतींचा आहे, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या जागी असावी. शाळेत तिसरी प्रत जमली नाही तरी दोन ठिकाणी फाइली उघडून पाहिल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नये.

संगीताच्या हक्कांबाबत "तीस सेकंदांपर्यंत चालते" असे सर्रास सांगितले जाते. असा सरसकट नियम नाही. निर्मात्याची कृती ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत, पण त्यांच्या अटी वाचाव्या लागतात. श्रेय देण्याची अट बहुतेकांना ठाऊक असते. व्युत्पन्न कृतीला, म्हणजे मूळ कृती बदलून केलेल्या नव्या कृतीला, मनाई करणारा परवाना मात्र अनेकांना फसवतो. हलत्या चित्राशी संगीत जुळवणे हे त्या परवान्यांनुसार रूपांतर मानले जाते, त्यामुळे असे संगीत श्रेय देऊनही चित्रफितीत वापरता येत नाही. माणसांचे चित्रण करताना त्यांची लेखी संमती घ्यावी, आणि ती अल्पवयीन असतील तर पालकांचीही.

ग्राफिक्सच्या भागात एवढे लक्षात ठेवले तरी सुरुवातीला भागते: पडद्यासाठी रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आणि छपाईसाठी सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा) असतात, ए-४ आकाराचे भित्तिपत्रक ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते, आणि बोधचिन्ह व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेषांच्या, स्वरूपात केले तर ते कितीही मोठे करता येते.

काम पूर्ण झाल्यावर ते आधी आवाज बंद करून पाहावे, मग डोळे मिटून ऐकावे, आणि नंतरच चार वर्गमित्रांना दाखवावे. दाखवण्याआधी काहीही समजावून सांगू नये. खुलासे तोंडावर येतात, पण ते आवरून पडद्याऐवजी पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवावे. कुणाची नजर कोणत्या सेकंदाला खिडकीकडे गेली, तो आकडा वहीत लिहावा आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये तुकडे क्रमाने मांडलेल्या टाइमलाइनवर आधी तीच जागा उघडावी.