कॅन्सलेशन पॉलिसी निवडताना या चुका टाळा (निम्म्या मी करून बसलोय)

सुट्टीसाठी घर भाड्याने द्यायचं ठरलं की आपण फोटोंवर आठवडा घालवतो, चादरी कुठल्या रंगाच्या घ्यायच्या यावरून घरात वाद घालतो, आणि कॅन्सलेशन पॉलिसीपाशी (गेस्टने बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत द्यायचे, त्याचा नियम) आलो की जो पर्याय आधीच टिक केलेला असतो तो तसाच ठेवून पुढे जातो. मीही तेच केलं. पहिलं मोठं बुकिंग आलं पाच रात्रींचं, तेही ऐन सुट्टीतलं, आणि चेक-इनच्या सहा दिवस आधी गेस्टचा मेसेज, "सॉरी, प्लॅन बदलला". मला वाटलं निम्मे तरी मिळतील. हातात आलं शून्य. पॉलिसी होती मॉडरेट, एअरबीएनबीवर (घरं भाड्याने देण्याची वेबसाइट) त्यात चेक-इनच्या ५ दिवस आधीपर्यंत गेस्टला सगळे पैसे परत मिळतात, आणि मी ते वाचलंच नव्हतं. त्या माणसाची काहीच चूक नव्हती.

नावावर जाऊ नका

मॉडरेट म्हणजे मधलं काहीतरी, असं आपण समजतो. पण एअरबीएनबीचं मॉडरेट ५ दिवसांचं, आणि व्हर्बो या तशाच दुसऱ्या साइटचं मॉडरेट ३० दिवसांचं (त्यात ३० ते १४ दिवसांदरम्यान निम्मे परत, मग काही नाही). फर्म नावाच्या पॉलिसीचं पण तसंच, एअरबीएनबीवर पूर्ण रिफंड ३० दिवस आधीपर्यंत आणि मग ७ दिवसांपर्यंत निम्मा, व्हर्बोवर पूर्ण रिफंडची मुदत ६० दिवस. बुकिंग डॉट कॉमवर तर किती दिवस ठेवायचे ते तुम्हीच ठरवता. एकच घर तिन्हीकडे टाकलेलं असेल आणि सगळीकडे सारखं नाव बघून टिक केलं असेल तर प्रत्यक्षात तीन वेगवेगळे नियम चालू आहेत, आणि कुणी कॅन्सल करेपर्यंत ते कळत नाही. एका कागदावर सरळ दिवस लिहा. पूर्ण कधीपर्यंत, निम्मे कधीपर्यंत, शून्य कधीपासून. नावं विसरा.

रागाच्या भरात कडक पॉलिसी लावणं

ही सगळ्यात महागातली चूक, आणि एकदा पोळल्यावर जवळपास प्रत्येक होस्ट ती करतोच. मीही दुसऱ्याच दिवशी मिळेल ती सर्वात कडक पॉलिसी लावली आणि मग महिनाभर इनबॉक्स शांत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की गेस्ट कॅन्सल करेल का हा प्रश्नच नाहीये, खरा प्रश्न हा आहे की रिकामी झालेली तारीख परत भरायला मला किती दिवस लागतात. पॉलिसीची मुदत तेवढीच हवी.

हे कसं काढायचं? मागची पंधरा-वीस बुकिंग उघडा आणि प्रत्येकासमोर लिहा, बुकिंग कधी आलं आणि चेक-इन कधी होतं. मधले दिवस मोजा. माझं छोटं घर, दोघांचं, तिथे बहुतेक लोक आठ-दहा दिवस आधी ठरवतात. अशा घराला ३० दिवसांची पॉलिसी लावली तर दहा दिवस आधी येणारा गेस्ट मुदतीच्या आतच बुक करत असतो, म्हणजे त्याच्यासाठी मोफत कॅन्सलेशन जवळपास उरतच नाही, आणि तो शेजारचं लिस्टिंग बघायला निघून जातो. इथे ५ दिवस बास झाले. उलट बारा माणसांचा मोठा बंगला असेल तर लोक तीन-तीन महिने आधी ठरवतात, बारा जणांच्या सुट्ट्या जुळवायच्या असतात ना, आणि आठ दिवस आधी तो रिकामा झाला तर पुन्हा बारा जणांचा ग्रुप मिळणं मुश्किल. तिथे फर्म लावली तर कुणी नाक मुरडत नाही.

आकडेमोड करून बघा. समजा २० बुकिंग आली, २ कॅन्सल झाली, त्यातली एक तारीख परत भरली. नुकसान एका बुकिंगचं. आता कडक पॉलिसीमुळे २० ऐवजी १७ च आली, आणि सतराही नीट पार पडली, तरी तुम्ही जास्त गमावलंत. फक्त न आलेलं बुकिंग दिसत नाही, कॅन्सल झालेलं डोळ्यात खुपतं, म्हणून आपण फसतो.

मधला मार्ग हवा असेल तर एअरबीएनबीवर लिमिटेड पॉलिसी आहे, पूर्ण रिफंड १४ दिवस आधीपर्यंत, मग ७ दिवसांपर्यंत निम्मा. आणि एक लक्षात असू द्या, १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवीन नियम आलाय, चेक-इनला किमान ७ दिवस असताना बुक केलं तर पहिल्या २४ तासांत गेस्ट पूर्ण रिफंड घेऊन कॅन्सल करू शकतो. त्यामुळे बुकिंग आलं रे आलं की लगेच नाचू नका, एक दिवस जाऊ द्या.

दिवस मोजले, तास विसरले

एअरबीएनबीच्या फ्लेक्झिबल या सर्वात सैल पॉलिसीत २४ तास आधीपर्यंत पूर्ण रिफंड. चेक-इन शुक्रवारी दुपारी ३ ला असेल तर मुदत गुरुवारी दुपारी ३ ला संपते, गुरुवारी रात्री १२ ला नाही, आणि घड्याळ घर जिथे आहे तिथलं धरतात, गेस्ट कुठे बसलाय तिथलं नाही. गेस्ट दुसऱ्या टाइमझोनमधला असेल तर हमखास इथेच भांडण होतं. मी आता बुकिंग झालं की पहिल्याच मेसेजमध्ये तारीख आणि वेळ लिहून टाकतो. आणि सफाईवाल्यांना पक्कं सांगतो ते मुदत उलटल्यावरच, कारण चेक-इनच्या आधी कॅन्सल झालं तर एअरबीएनबी क्लीनिंग फी गेस्टला परत देतं, मग सफाईचा ॲडव्हान्स आपल्याच खिशातून.

"तुम्हीच कॅन्सल करा ना"

गेस्ट अगदी गोड बोलून सांगतो, तुम्ही तुमच्या बाजूने कॅन्सल केलंत तर मला सगळे पैसे मिळतील. करू नका. होस्टने कॅन्सल केलं की तारखा ब्लॉक होऊ शकतात, दंड लागू शकतो (एअरबीएनबीवर वेळेनुसार १०, २५ किंवा ५० टक्के, किमान ५० डॉलर), आणि सुपरहोस्टला (एअरबीएनबी चांगल्या होस्टना देतं तो दर्जा) स्वतः केलेल्या कॅन्सलेशनचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं ते वेगळंच. दया येत असेल तर गेस्टलाच कॅन्सल करायला सांगा आणि जास्तीचे पैसे प्लॅटफॉर्ममधूनच परत पाठवा, बाहेरून बाहेरून नाही. मी एकदा अशी दया दाखवली, तारीख परत भरली होती म्हणून. नसती भरली तर दाखवली असती का, माहीत नाही.

पॉलिसी म्हणजे दगडावरची रेघ समजणं

मार्च २०२० मध्ये, कोरोना आला तेव्हा, एअरबीएनबीने होस्टच्या पॉलिसी बाजूला ठेवून गेस्टना पूर्ण रिफंड दिले, होस्ट भडकले, मग कंपनीने माफी मागून होस्टसाठी २५ कोटी डॉलर काढले, पण त्यातून मिळायचे ते होस्टला त्याच्या पॉलिसीप्रमाणे जेवढे मिळाले असते त्याच्या २५ टक्केच. आजही नैसर्गिक आपत्ती, सरकारी प्रवासबंदी असलं काही झालं तर तुमची पॉलिसी चालत नाही. गेस्ट आजारी पडला, फ्लाइट चुकली, हे मात्र त्यात येत नाही, तिथे तुमचीच पॉलिसी लागू.

थेट बुकिंग घेत असाल तर

तिथे नियम तुम्हीच लिहिता, आणि लोक काय लिहितात तर "कॅन्सल केल्यास योग्य ती रक्कम परत मिळेल". योग्य ती म्हणजे किती? हे असं लिहा: "चेक-इनच्या १४ दिवस आधी दुपारी ३ पर्यंत कळवल्यास पूर्ण रक्कम, त्यानंतर ७ दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. कळवणं लेखी मेसेजने." पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) फी रिफंड केल्यावर बऱ्याचदा परत येत नाही, ती कोण सोसणार तेही एका ओळीत टाका.

आणखी दोन गोष्टी पटकन. पॉलिसी बदलली की ती फक्त पुढच्या बुकिंगना लागते, आधीची जुन्याच नियमाने चालतात, त्यामुळे सीझनच्या तोंडावर बदलून उपयोग नाही, आधी बदला. आणि नॉन-रिफंडेबलचा स्वस्त पर्याय एअरबीएनबीवर देता येतो, साधारण १० टक्के सूट असते, पण ज्या तारखा तशाही भरतात तिथे ती सूट उगाच जाते.

कॅन्सल झालं तरी तारीख बंदच दिसते?

बहुतेक वेळा दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरचं कॅलेंडर अजून जुनंच असतं. आयकॅल लिंकने (एका साइटचं कॅलेंडर दुसरीला दाखवणारी लिंक) जोडलेली कॅलेंडरं लगेच अपडेट होत नाहीत, कधीकधी काही तास जातात, आणि शेवटच्या आठवड्यात ते काही तास म्हणजे एक गेलेला गेस्ट. कॅन्सलेशनचा मेल आला की प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन रिफ्रेश मारा, तारीख खरंच मोकळी दिसतेय का ते गेस्ट बनून, लॉगआउट करून बघा, आणि किमान रात्रींची अट तीन असेल आणि मधल्या दोनच रात्री रिकाम्या झाल्या असतील तर ती अट तेवढ्यापुरती दोनवर आणा, नाहीतर तारीख मोकळी असूनही कुणालाच बुक करता येत नाही.