निशिगंधाचे दाटलेले गड्डे: काढणी आणि फेरलागवड

परसात तीन-चार वर्षं एकाच जागी ठेवलेला निशिगंध पानांनी माजतो, पण फुलांचे दांडे मोजके आणि आखूड निघतात. अशा वेळी खत वाढवून काही साधत नाही. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. मग त्याच्या बुडाशी पिल्लं सुटतात आणि दाटीत एकही नीट पोसत नाही. गड्डे काढून वेगळे करायला मार्च-एप्रिल हा योग्य काळ.

आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. पानं पिवळी पडली की जमिनीलगत कापा आणि गड्ड्यापासून वीतभर अंतरावर कुदळ घाला. खुरप्याने जवळून उकरलं तर कंद चिरतात आणि चिरलेले कंद सडतात. माती हातानेच झाडा, धुऊ नका. सावलीत, हवेशीर जागी गोणपाटावर पसरून तीन-चार आठवडे ठेवा, अधूनमधून परता. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याचा मोह टाळाच. सुकल्यावर पिल्लं बोटांनी सुटतात.

निवड करताना प्रत्येक कंदाचं बूड अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं, किंवा त्यावर पांढरी बुरशी नि मोहरीएवढ्या तपकिरी गोळ्या दिसल्या, तर तो कंद जाळा. कंपोस्टमध्ये टाकू नका. मधोमध वाळलेल्या दांड्याचा खुंट असलेला कंद फुलून गेलेला, तोही बाजूला काढा. दोन-तीन सेंमी जाडीचे, टोकाकडे निमुळते कंद लागवडीला घ्या. दीड सेंमीपेक्षा बारीक पिल्लं वेगळ्या वाफ्यात लावा, त्यांना यंदा बहुधा दांडा येणार नाही.

लागवड एप्रिल-मे महिन्यांत. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून कंद २०-३० मिनिटं बुडवा, हातमोजे घाला. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर हे औषध नको, त्याने ट्रायकोडर्मा मरतो.

जागा किमान सहा तास उन्हाची हवी. जुन्याच वाफ्यात पुन्हा लावू नका. मुळांवर गाठी दिसल्या असतील तर नक्कीच नाही, त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या असतात. कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून गादीवाफा (उंच वाफा) करा. कंद ३० बाय २० सेंमी अंतरावर, टोक वर ठेवून, ५-६ सेंमी खोल लावा. बारा इंची कुंडीत तीन पुरे.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत वाफसा (मातीतली ओल बेताची झाली का ते) पाहूनच. पहिले दांडे साधारण तीन महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसात येतात. तेव्हा वाफ्यात पाणी तुंबलं तर कंद बुडातून कुजतो, म्हणून निचऱ्याचा चर मृगाआधीच काढून ठेवा.