जेजेचा कॅम्पस आणि एनजीएमए: घरच्यांना घेऊन मॉडर्न आर्ट कसं बघायचं

मॉडर्न आर्ट बघायला चला म्हटलं की घरातले म्हणतात "आम्हाला काय कळतंय त्यातलं", आणि विषय तिथेच संपतो. माझी आई पण हेच म्हणायची, डोंबिवलीहून एवढ्या लांब जायचं, आणि रेघोट्या बघून परत यायचं? पण मी आधी तिला, मग मावशीला, मग भाच्याला असं एकेकाला घेऊन गेलेय आणि आता मला पक्कं माहितीये की अडचण चित्रांची नाहीये, आपण सुरुवात चुकीच्या ठिकाणी करतो. माणसाला थेट म्युझियममध्ये नेऊन उभं केलं की तो बावरतो. आधी चित्रं जिथे बनतात तिथे न्या. मुंबईत ती जागा म्हणजे जेजे स्कूल ऑफ आर्ट, आणि तिथून चालत अर्ध्या तासावर एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, जी मुळात एका कॉलेजच्या इमारतींबरोबर बांधलेल्या हॉलमध्ये आहे. एका दिवसात दोन्ही आरामात होतं.

आधी दिवस ठरवा. जेजे हे चालू कॉलेज आहे, कधीही गेलं आणि आत सोडलं असं होत नाही. विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन लागतं तेव्हा जा, ते साधारण वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत असतं आणि सगळ्यांना खुलं असतं. तारखा दरवेळी वेगळ्या, त्यामुळे जानेवारी लागला की कॉलेजच्या सोशल मीडियावर लक्ष ठेवायचं. सोमवार अजिबात नको, त्या दिवशी एनजीएमए बंद असतं. आणि एनजीएमएचं प्रदर्शन चालू आहे ना हेही बघून घ्या, कारण तिथे प्रदर्शनं बदलत राहतात आणि एक उतरवून दुसरं लावेपर्यंत बघायला काही नसतं. एकदा मी मावशीला घेऊन उन्हातून गेले आणि दाराशी जाऊन परत आलो, तिचा चेहरा अजून आठवतो.

सीएसएमटीला उतरा, सबवेतून बाहेर पडा, डी. एन. रोडवर क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालायला लागा, डाव्या हाताला जेजे. गेटवर ओळखपत्र मागू शकतात, जवळ ठेवा. शाळा १८५७ ची, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून सुरू झालेली, आणि आत्ताची दगडी इमारत १८७८ ची. आत शिरलं की आधी झाडंच दिसतात, बाहेर एवढा ट्रॅफिक आणि आत एकदम गार. 'जंगल बुक'वाल्या रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये याच आवारात झाला, त्याचे वडील इथे शिकवायचे. आवारातला जुना लाकडी बंगला (तो बहुधा नंतर बांधलेला आहे, त्याच्या जन्माचा नव्हे) बाहेरून बघा पण तिथे फार वेळ घालवू नका, खरी गंमत वर्गांमध्ये आहे.

आत गेलात की एकच नियम पाळा. "याचा अर्थ काय" विचारायचं नाही, "हे कसं केलंस" विचारायचं. अर्थ विचारला की तिथे शिकणारी मुलं पण गोंधळतात, काहीतरी मोठे शब्द वापरतात आणि आई हळूच माझ्याकडे बघते. पण कसं केलंस विचारलं की ती थांबतच नाहीत. शिल्पकलेच्या विभागात एका मुलीने आईला मातीचं एक डोकं दाखवलं, अर्धवट झालेलं. आत लोखंडी सळीचा सांगाडा असतो, त्याला ती आर्मेचर म्हणत होती, त्यावर माती चढवायची आणि रोज काम संपलं की वरून ओलं फडकं गुंडाळून प्लास्टिक घालायचं, नाहीतर माती सुकून तडा जातो. आईने लगेच विचारलं, सुट्टीत काय करतेस गं? ती म्हणाली काकू, रविवारीपण येऊन पाणी मारून जाते. आई गणपतीच्या मूर्ती बनतात त्या पेणच्या जवळची, तिला माती, भेगा, ओलं गोणपाट हे सगळं माहीत होतं, पुढची दहा मिनिटं त्या दोघीच बोलत होत्या आणि मी बाजूला उभी.

पेंटिंग, शिल्प, सिरॅमिक, टेक्सटाइल, मेटल असं सगळंच बघायला जाऊ नका, पाय दुखतात आणि काही लक्षात राहत नाही. पेंटिंग आणि अजून एक, बस. रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास येतो त्या खोलीत जरा जास्त थांबा, भिंतीवर, इझलवर, फरशीवर सांडलेले रंग बघा. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हेच सगळ्यात आवडतं. फक्त हात लावू देऊ नका, ऑइलचा रंग वरून कोरडा दिसला तरी आतून बरेच दिवस ओला असतो, कोणाचं तरी वर्षभराचं काम असतं ते.

मग बाहेर पडून काहीतरी खा. सीएसएमटीच्या समोर 'आराम' नावाच्या हॉटेलात वडापाव आणि पीयूष, आमचं ठरलेलं. त्यानंतर डी. एन. रोडच्या कमानींखालून सावलीत सावलीत चालत हुतात्मा चौक, तिथून सरळ काळा घोडा. वयस्कर माणसं असतील तर बस किंवा टॅक्सी करा, दमून पोचलात तर चित्रं बघायचा मूडच जातो.

चालताना मी भाच्याला थोडी गोष्ट सांगते म्हणजे पुढे नावं ओळखीची वाटतात. १९४७ मध्ये मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप नावाचा कलाकारांचा गट काढला, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. यातले सूझा आपण आत्ता बघून आलो त्याच जेजेचे विद्यार्थी, त्यांना १९४५ मध्ये कॉलेजमधून काढून टाकलं होतं. रझा आणि शिल्पकार सदानंद बाकरेही जेजेचेच. उलट आरा लोकांच्या घरी कामाला होते, गाड्या धुवायचे, आणि हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. भाचा तेव्हा नववीत होता, त्याला आराची गोष्ट फार लागली, पुढे म्युझियममध्ये तो तेच नाव शोधत फिरत होता.

एनजीएमए काळा घोड्याच्या टोकाला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोर. इमारत म्हणजे सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल, जॉर्ज विटेटने डिझाइन केलेला, शेजारच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्याच इमारतींमधला. विटेट म्हणजे गेटवे ऑफ इंडियावाला. इथे एकेकाळी मोठमोठ्या मैफली आणि राजकीय सभा व्हायच्या, मग दिवस फिरले आणि बॉक्सिंगच्या मॅचेस आणि लग्नाची रिसेप्शन्स व्हायला लागली. पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी अशा कलेतल्या लोकांनी पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये इथे गॅलरी उघडली. मी गेले तेव्हा तिकीट २० रुपये होतं. आतून हॉल सरळ नाही, अर्धगोल मजले एकावर एक आहेत, आणि शेवटी वर घुमटाखाली पोचतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईवडील असतील तर आधी काउंटरवर विचारून घ्या आणि प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं बसा. फोटो काढायचे असतील तर तेही आधी विचारा.

आता बघायचं कसं. पहिली चक्कर न थांबता मारा, सगळे मजले, कुठल्या चित्रापाशी पाय आपोआप हळू होतात ते लक्षात ठेवा. अशी चार-पाच चित्रं निवडा आणि दुसऱ्या चकरेत फक्त त्यांच्याकडे जा, बाकीची सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका. चित्रासमोर गेलं की पाटी लगेच वाचायची नाही. आधी लांबून, मग दोन पावलं जवळ, मग बाजूने तिरकं बघायचं, बाजूने बघितलं की रंग कुठे जाड थापलाय आणि कुठे खरवडलाय ते दिसतं. मग पाटी, आणि पाटीवर आधी वर्ष आणि माध्यम. ऑइल आहे की अ‍ॅक्रिलिक, कॅनव्हास आहे की कागद, आणि लगेच सकाळचा वर्ग आठवतो.

आई तिथे एका मोठ्या करड्या-पिवळ्या चित्रासमोर थांबली, त्यात माणूस नाही, झाड नाही, काही नाही. मी काही बोलले नाही. ती बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, "हे सारवलंय." तिने हवेत हात फिरवून दाखवलं, इथून सुरू केलं, अर्धा गोल घेतला, इथे हात उचलला, आणि हे बघ, इथे परत वरून एक हात दिलाय, पहिला थर सुकल्यावर. मी जवळ जाऊन बघितलं तर खरंच, अर्धगोल एकावर एक चढलेले, आणि एका कोपऱ्यात खालचा थर दिसत होता. मी इतक्या वेळा अशी चित्रं बघितली पण मला कधी हात दिसला नव्हता. नंतर मी तिला चित्रकार गायतोंड्यांबद्दल सांगितलं, तेही जेजेचे, १९४८ मध्ये डिप्लोमा केलेला, आणि ते ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या चपट्या सुरीने, रंग पसरवायचे आणि काढायचे. ती म्हणाली, मग त्यांची चित्रं पण दाखव की कधीतरी.

अंगात जोर उरला असेल तर जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासूनची, प्रवेश फ्री, आणि तिथे बऱ्याचदा चित्रकार स्वतः बसलेले असतात. म्हणजे "कसं केलंत" परत विचारता येतं. कुलाब्याला टीआयएफआर या विज्ञान संस्थेच्या कॅम्पसमध्येही शास्त्रज्ञ होमी भाभांनी जमवायला सुरुवात केलेला मॉडर्न चित्रांचा फार मोठा संग्रह आहे, हुसेनचं ४५ फूट लांबीचं भित्तिचित्र तिथेच आहे, पण ती संशोधन संस्था आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे ते या दिवसात धरू नका.

आणि परतताना साडेचारच्या आत सीएसएमटी गाठा. नंतर डोंबिवलीच्या गाडीत आईला बसायला जागा मिळत नाही, आणि दिवसभर उभं राहून चित्रं बघितल्यावर तिला खिडकी मिळायला हवी.