केमो चालू असलेल्या मुलाला खाटेवर चित्रं काढायला देताना

सामान बाहेर काढण्याआधी सिस्टरना विचारा. आज काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) किती आहेत? प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती? कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी) कुठल्या हाताला आहे? तपासणीसाठी उपाशी ठेवलंय का? पाठीतून पाणी काढलं असेल, तर किती वेळ सरळ पडून राहायचंय? काय न्यायचं ते या उत्तरांवरून ठरतं.

न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्या खाली असतील तर माती, शाडू, वाळलेली पानं, पिसं, फुलं, डाळी-धान्य यांतलं काहीही खाटेजवळ नको. यांच्यावर बुरशीचे बीजाणू असतात. धडधाकट मुलाला त्यांनी काही होत नाही, पण या मुलाला त्यांतून फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. ब्रश बुडवायचं पाणी दर वेळी ताजं घ्या, कागदी कपात, आणि काम संपलं की ओतून द्या. रात्रभर खाटेखाली राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात. प्लेटलेट्स कमी असतील तर टोकदार कात्री, सुई, टाचण्या बंद. कागद हाताने फाडून चिकटवायचा, आणि खरं सांगायचं तर फाडलेल्या कडाच जास्त छान दिसतात. ऑक्सिजन लावलेला असेल तिथे मेणबत्ती किंवा ग्लू गन अजिबात नको.

चमकी मात्र काउंट कितीही चांगले असले तरी नेऊ नका. ती डोळ्यांत जाते, सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या) ड्रेसिंगच्या कडेला चिकटते आणि निघता निघत नाही. वासाचे स्केचपेन आणि परमनंट मार्करही घरीच ठेवा. केमोच्या दिवशी त्या वासाने मळमळ वाढते आणि मुलाच्या डोक्यात वास आणि मळमळ यांची गाठ बसते. मग पुढे नुसता डबा उघडला तरी त्याला ढवळायला लागतं.

प्रत्येक मुलाचा डबा वेगळा, झाकणावर नाव. त्यात परीक्षेचं पॅड, दहाएक कोरे कागद, सहा जाड मेणखडू, दोन जाड ब्रश, कापसाचे इअरबड, मास्किंग टेप आणि पोस्टर कलरच्या छोट्या बाटल्या. बारा-चोवीस रंगांची पेटी दमलेल्या मुलाला जड जाते. काम झालं की डबा आणि पॅड वॉर्डातल्या जंतुनाशकाने पुसायचं, इअरबड फेकायचे. वेगळ्या खोलीत ठेवलेल्या मुलासाठी सगळं नवं, सीलबंद न्या. तिथे गेलेला खडू दुसऱ्या मुलाकडे जाऊ नये.

हाताकडे नीट लक्ष द्या. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध चालू असलेल्या मुलांच्या बोटांतली ताकद कमी होते, मुंग्या येतात. पेन्सिल सुटते, मग मूल ‘मला येत नाही’ म्हणून मागे सरतं. ब्रशच्या दांड्यावर रोलर बँडेज गुंडाळून तो अंगठ्याएवढा जाड करा. कॅन्युलाच्या हाताने कागद दाबून धरता येत नाही, म्हणून कागदाचे चारही कोपरे टेपने पॅडला चिकटवा.

अशा हाताला वारली फार सोयीची. गोल, त्रिकोण, रेघ एवढंच लागतं आणि रेघ थरथरली तरी चित्र बिघडत नाही. वह्यांना घालतो तो ब्राऊन पेपर घ्या. पांढऱ्या पोस्टर कलरच्या दोन भागांना पाणी एक भाग, इडलीच्या पिठाइतकं दाट. यापेक्षा पातळ केलं तर कागद रंग पिऊन टाकतो आणि वाळल्यावर काही दिसत नाही. इअरबडने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढायचे, वर गोल डोकं, मग हातपाय. माणसांच्या ओळीत सलाईनचा स्टँड आला तर येऊ द्या.

सिरिंजने रंगवायचं असेल तर सिस्टरकडून नवी, सुई नसलेली 10 मि.ली.ची सिरिंज मागून घ्या. वापरलेली सिरिंज कधीच नको, धुतलेली असली तरी. एक चमचा रंगात तीन चमचे पाणी चांगलं ढवळा. गुठळी राहिली की तोंड अडतं, मूल जोराने दाबतं आणि सगळा रंग चादरीवर. खाली प्लॅस्टिक अंथरा. सिरिंज एरवी दुसऱ्यांच्या हातात असते. इथे दट्ट्या मुलाच्या अंगठ्याखाली येतो, म्हणून घाबरणारी मुलंही यात रमतात. ज्याला सिरिंज बघायचीच नाही, त्याला आग्रह नको.

सरळ पडून राहायचं असेल तेव्हा मोबाइलच्या टॉर्चवर हाताच्या सावल्या. सामान नाही, वास नाही, आणि भाषा लागत नाही. मुंबईच्या टाटासारख्या रुग्णालयात देशभरातून मुलं येतात, तिथे हा मोठाच फायदा.

वॉर्डात मुलाला सुईला नाही म्हणता येत नाही, औषधाला येत नाही. चित्राला आलंच पाहिजे. ‘काढतोस का?’ असं मोघम विचारू नका. ‘आज वारली, सिरिंज, की काहीच नको?’ असं विचारा. ‘नको’ म्हणाला तर डबा त्याच्या हाताशी ठेवून निघा. स्टेरॉइडच्या दिवसांत चिडचिड होते, ती तुमच्यावरची नसते. ‘हे काय काढलंस?’ यापेक्षा ‘याच्याबद्दल सांग ना’ बरं. त्याच्या चित्रात तुमची एकही रेघ नको. ही सूचना आईबाबांनाही द्या, सूर्य पिवळा करण्याचा मोह त्यांनाच जास्त होतो. मरणाचं चित्र आलं तर विषय बदलू नका, अर्थही लावू नका. ऐका, आणि ‘हे मी ताईंना दाखवू का?’ असं विचारून वॉर्डातल्या समुपदेशकांशी बोला.

पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. मूल उशीवर मागे टेकलं, उत्तरं तुटक झाली की थांबा. अर्धं चित्र चालतं. मागे नाव-तारीख घाला. फोटो ग्रुपवर टाकायचा तर आधी मुलाला विचारा, मग पालकांना. भिंतीवर लावायचं झालं तर उशीवरून दिसेल इतक्या उंचीवर आणि मास्किंग टेपनेच. सेलोटेपने भिंतीचा रंग निघतो आणि मग सिस्टर सगळीच चित्रं उतरवायला लावतात.