जुन्या पिकअपच्या हौद्यातील लाकडी फळ्या नव्याने कशा बसवाव्यात

अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात तयार झालेल्या शेव्हरोले ३१०० या पिकअपच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असतो. दोन फळ्यांच्या सांध्यावर लांब पोलादी पट्टी बसते आणि तिच्यातून खाली गेलेले बोल्ट फळ्यांना आडव्या आधारांशी आवळून धरतात.

सुरुवातीला प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घालावा, खालून-वरून छायाचित्रे घ्यावीत आणि गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सुटण्याचे तेल मारून ठेवावे. पाना लावल्यावर नटाबरोबर बोल्टही गरगर फिरू लागला, तर त्याची चौकोनी मान झिजली आहे असे समजून तो ग्राइंडरने कापावा. मात्र ठिणग्या इंधनाच्या टाकीकडे वा नळीकडे उडणार नाहीत याची आधी खात्री करावी. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये. कुजलेली फळीही लगेच फेकू नये, कारण नव्या फळीची लांबी, भोके आणि कडेच्या खाचा तिच्यावरूनच उतरवायच्या असतात.

मूळ फळ्या पाइनच्या असत. आज पुष्कळजण ओक वापरतात. तांबड्या ओकचा छोटा तुकडा पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकर मारली की बुडबुडे येतात, इतक्या त्याच्या नलिका मोकळ्या असतात. पांढऱ्या ओकच्या नलिका बुजलेल्या असल्यामुळे उघड्यावर राहणाऱ्या हौद्यासाठी तोच घ्यावा.

रंग किंवा वार्निश फळ्या बसवण्यापूर्वीच, सहाही बाजूंना द्यावे. वरची बाजू आरशासारखी चकाकवून खालची कोरी ठेवण्याची चूक सर्रास होते, आणि पाणी नेमके खालून व टोकांतून शिरते. म्हणून टोकांना एक हात जास्त द्यावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

शेवटी सर्व फळ्या व पट्ट्या सैलसर मांडून हौद्याचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते सारखे भरल्यावरच बोल्ट थोडे थोडे आवळावेत. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवू नयेत. पावसाळी दमटपणात लाकूड रुंदीत फुगते आणि जागा न मिळाल्यास फळी मधूनच उचलली जाते. महिन्याभराने नट पुन्हा एकदा तपासावेत.