प्रजनन दर काढताना या चुका टाळा

एकूण प्रजनन दर म्हणजे आजचे दर कायम राहिले, तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील. त्याचं गणित सोपं आहे. १५ ते ४९ वयाचे सात पंचवार्षिक गट, प्रत्येकाचा जननदर (वर्षभरातले जन्म भागिले त्या गटातल्या बायका), सातांची बेरीज, गुणिले पाच. बेरीज ०.४५२ आली, तर दर २.२६. ‘गुणिले पाच’ विसरणारेही भेटतात, पण ती चूक उत्तर पाहताच कळते. घात करतात त्या न दिसणाऱ्या.

सगळ्यात लबाड चूक रिकाम्या रकान्याची. जनगणनेत ‘आजवर किती मुलं झाली?’ या प्रश्नाला मूल नसलेल्या बाईपुढे प्रगणक शून्याऐवजी आडवी रेघ ओढतो आणि तक्ता करणारा तिला ‘माहिती नाही’त ढकलतो. समजा २०-२४ वयाच्या १००० बायका, ७५० मुलं, १०० रेघा. रेघा वगळल्या तर सरासरी ०.८३; रेघ म्हणजे शून्य धरलं तर ०.७५. खरं काय? प्रत्येक वयोगटातलं मूल नसलेल्यांचं प्रमाण आडव्या अक्षावर आणि ‘माहिती नाही’चं उभ्या अक्षावर मांडा. ठिपके सरळ रेषेत चढत गेले, तर बहुतेक रेघा शून्याच्याच. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तेवढेच खरे अनुत्तरित. लोकसंख्याशास्त्रज्ञ एल-बद्री यांची ही दुरुस्ती १९६१ची, अजून तितकीच कामाची.

‘गेल्या बारा महिन्यांत मूल झालं का?’ यावर कुणी चौदा महिन्यांचं बाळ सांगतं, कुणी दगावलेलं सांगतच नाही. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांच्या पद्धतीत प्रत्येक वयोगटाच्या आजवरच्या सरासरी अपत्यसंख्येला चालू दरांच्या त्या वयापर्यंतच्या बेरजेने भागतात. विशीतल्या गटांत गुणोत्तर १.२ आलं, तर दर तेवढ्याने गुणायचे. पण प्रजनन घटत असेल तर माहिती चोख असूनही हे गुणोत्तर वयासोबत १च्या वर चढत जातं. तिथे डोळे मिटून गुणलंत, तर खरी घट स्वतःच पुसून टाकाल.

सर्वेक्षणात वेगळीच गंमत. पाच वर्षांच्या आतल्या मुलाबद्दल लसीपासून जुलाबापर्यंत प्रश्नांची रांग असते. मुलाखतकाराने जन्मसाल थोडं मागे सरकवलं की रांग टळते. जन्म वर्षवार मोजा: या पाच वर्षांच्या हद्दीच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे उंचवटा दिसला, तर अलीकडची ‘घट’ संशयास्पद समजा. मी तरी मग त्या हद्दीवर कालखंड तोडत नाही.

नमुन्यात फक्त विवाहित असतील तर छेदात अविवाहितही आणा, नाहीतर १५-१९चा दर भलताच फुगतो. आणि वय मुलाखतीच्या दिवशीचं असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाई सरासरी सहा महिन्यांनी लहान होती, हे गट पाडताना धरा.