कॉपरबँड हे आयप्टेशियावरचं औषध नव्हे, आणि बटरफ्लाय घेतानाच्या इतर चुका

दर महिन्या-दोन महिन्यांनी मला एक फोटो येतो. चार फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, प्रवाळ असलेला, त्यात लांब चोचीचा, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा कॉपरबँड बटरफ्लाय मासा, आणि खाली प्रश्न: "दादा, आणून पाच दिवस झाले, काहीच खात नाहीये. काय करू?" आता काय सांगणार! जे करायचं होतं ते दुकानातच करायचं होतं.

का आणला, हे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच. खडकावर आयप्टेशिया माजलेत. तणासारखी पसरणारी ही तपकिरी, बारकी समुद्रफुलं एकदा शिरली की जीव नकोसा करतात हे मान्य. कॉपरबँड ती खातो हेही खोटं नाही. पण सगळे कॉपरबँड खात नाहीत, आणि जो खातो तो ती संपवल्यावर काय खाणार, याचा विचार कुणी केलेला नसतो. उंदीर झाले म्हणून मांजर आणावं आणि तिला दूधभात घालायचं विसरावं, तसं हे.

मला बोलायचा अधिकार आहे, कारण माझा पहिला कॉपरबँड मी याच हिशेबाने आणला होता. दुकानदार म्हणाला, "कालच आलाय, एकदम ॲक्टिव्ह आहे." 'कालच आलाय' हे ऐकल्यावर आज मी आल्या पावली परत फिरतो. तेव्हा पिशवी बांधून घेतली. घरी तो प्रत्येक भेगेत चोच घालायचा आणि मी बायकोला कौतुकाने दाखवायचो, बघ, कसा वेचून वेचून खातोय. तो खात नव्हताच, नुसता शोधत होता. फ्रोझन मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव, तोंडासमोरून वाहत जायचे. तो तिरका होऊन एका डोळ्याने बघायचा आणि पुढे सरकायचा. आर्टेमिया या दुसऱ्या बारक्या खाद्याचंही तेच. दहाव्या दिवशी डोक्यामागे पाठीला खळगा दिसू लागला. सोळाव्या दिवशी सकाळी तो पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, जाळीला चिकटलेला सापडला. आयप्टेशिया होते तिथेच होते, वर दोन वाढले होते.

दुसरा कॉपरबँड वाचला तो आईच्या तिसऱ्यांमुळे, म्हणजे शिंपल्यांमुळे. रविवारी एकशिपी करायला तिने तिसऱ्या विळीवर उघडून ठेवल्या होत्या, मांस एका शिंपीला तसंच चिकटलेलं. मसाला लागायच्या आत चार शिंपा उचलल्या आणि खडकाच्या खाचेत खोचल्या. अर्ध्या तासात साहेब चोच घालून टोचायला लागले. या माशाचं तोंडच मुळी भेगांतून किडे ओढून काढायला घडलेलं आहे. पाण्यात तरंगणारा तुकडा त्याला अन्न वाटतच नाही, शिंपीत अडकलेलं मांस मात्र ओळखीचं वाटतं. मग त्याच रिकाम्या शिंपांत मी मायसिस दाबून देऊ लागलो. तीन आठवड्यांनी तो तरंगते मायसिसही उचलायला लागला.

तेव्हापासून माझी सवय एकच. दुकानात बयाणा द्यायचा आणि मासा दहा दिवस तिथेच राहू द्यायचा. मग जाऊन डोळ्यांदेखत खाऊ घालायला लावायचं. खाल्लं तर घ्यायचा. तोपर्यंत दुसऱ्या कुणी नेला तर नेऊ दे. तीन-चार इंचांचा, पाठ भरलेला, पोट आत न गेलेला बघायचा. त्याहून बारका असेल तर अंगात उपास काढायची ताकद नसते, आणि थोराड झालेला नवं खाणं शिकायला तयार नसतो. "दहा दिवस कोण थांबणार?" असं विचारणाऱ्याने गप्पी पाळावेत. गप्पीही छान असतात.

दुसरी चूक म्हणजे रंगावर भाळणं. बटरफ्लायच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गटाचं नाव किटोडॉन, म्हणजे केसांसारखे दात असलेला. ते दात बऱ्याच जातींत प्रवाळाचे पॉलिप खुडण्यासाठी असतात. मेयर, ऑर्नेट, मेलन, एट-बँडेड यांचा जीव प्रवाळावरच चालतो. शेवरॉन तर जवळजवळ फक्त ॲक्रोपोरा या फांद्यांसारख्या प्रवाळावर जगतो. नेमके हेच दुकानात सगळ्यांत देखणे दिसतात. ओळखीतल्या एकाने छोटे आहेत म्हणून एट-बँडेडची जोडी घेतली. त्यांनी आधी त्याचा ॲक्रोपोरा सोलून काढला, आणि तो संपल्यावर दोन्ही मासे उपाशी मेले. म्हणजे प्रवाळही गेलं आणि मासेही गेले. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "सगळं खातात हे."

खरोखर सगळं खाणारे वेगळे: ऑरिगा, रॅकून, व्हॅगाबाँड. हे काटक असतात, लवकर रुळतात, आयप्टेशियाही फस्त करतात. पण त्या 'सगळं'मध्ये तुमचे झोआ आणि मांसल एलपीएस ही प्रवाळंही येतात. प्रवाळ नसलेल्या टँकमध्ये यांच्यासारखे मासे नाहीत. रीफमध्येच बटरफ्लाय हवा असेल तर पिरॅमिड घ्या. तो पाण्यातले प्लवक टिपून खाणारा आहे, प्रवाळाकडे सहसा ढुंकून बघत नाही. स्कूलिंग बॅनरफिशही चालतो, पण त्याच्या नावाखाली त्याचा लांब तोंडाचा भाऊ, हेनिओकस ॲक्युमिनेटस, सर्रास गळ्यात मारला जातो आणि तो प्रवाळाला तोंड लावू शकतो. स्कूलिंगवाल्याचं तोंड आखूड असतं. दोघं शेजारी बघितले की फरक कळतो, एकटा बघून माझाही घोटाळा झालाय. आणि तसाच दिसणारा मूरिश आयडल? त्याच्या वाटेला जाऊ नका.

बाकीच्या चुका, थोडक्यात.

टँक दोन-तीन महिन्यांचा आहे? मग अजून नको. वर्षभर मुरलेल्या खडकात निदान चरायला काहीतरी असतं. चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे साधारण साडेचारशे लिटर, याहून लहान टँकमध्ये कॉपरबँड घालू नये. पूर्ण वाढला की तो वीतभर होतो.

एका टँकमध्ये दोन कॉपरबँड नकोत. टँकमध्ये टँगसारखा दांडगट मासा असेल तर नवा मासा दिवे मालवल्यावर सोडा.

पंखावर फुलकोबीसारखी पांढरी गाठ आली की लोक 'इच, इच' (पांढरे ठिपके आणणारा परजीवी) करत धावतात. ती बहुधा लिम्फोसिस्टिस असते, विषाणूची, आणि पाणी-खाणं नीट असेल तर आपोआप जाते. इच झालाच असेल तरी तांब्याचं औषध घालायचं ते वेगळ्या टँकमध्ये. मुख्य टँकमध्ये घातलंत तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळं मरेल. मासे काढल्यावर मुख्य टँक मी ७६ दिवस माशांविना ठेवतो, म्हणजे परजीवी उपाशी मरतो. हो, ७६.

आयप्टेशिया थोडेच असतील तर पेपरमिंट कोळंबी आणा. पण त्या नावाने कॅमल कोळंबी मिळते, पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेघा असलेली. ती प्रवाळच खाते.

आता पाचव्या दिवशी फोटो पाठवणाऱ्यांसाठी. बाजारातून तोंड मिटलेल्या, जिवंत तिसऱ्या आणा. धुऊन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी उघडून दोन शिंपा खडकात खोचा आणि टँकपासून लांब जाऊन बसा, काचेला नाक लावून नाही. दोन तासांत हात लावला नाही तर काढून टाका, पाणी नासतं. दुपारी पुन्हा दोन. असं आठवडाभर, रोज. उरलेल्या तिसऱ्यांचं काय करायचं ते घरच्यांना विचारा.